आमच्या होडीची डागडुजी

तलवाड्याच्या माणसाच्या घरीं होडी कशाला, असा प्रश्न वाचकांस पडला तर आम्हांस नवल वाटणार नाहीं. त्वरितादेवीच्या या गांवीं दारापुढें बैलगाडी शोभते, फार तर ट्रॅक्टर, होडी नव्हे. परंतु गेवराई तालुक्याची उत्तर सीमा गोदावरीनें आंखलेली आहे, आणि आमच्या तीर्थरूपांस गळाचा नाद होता. नदीकांठचे लोक लांकडी होडीवर अथवा थर्माकोलच्या चप्पूवर काम भागवीत. तीर्थरूपांनीं मात्र १९९८ सालीं कोंकणांतून एक जुनी फायबरची होडी मालमोटारींत घालून आणविली. तिला पाहावयास अर्धा गांव लोटला होता म्हणतात.

तीर्थरूप २०१३ सालीं गेले आणि होडी लिंबाखालीं पडून राहिली. तिच्यांत कोंबड्या अंडीं घालूं लागल्या. २०२४ च्या उन्हाळ्यांत मातोश्री म्हणाल्या, "विकायची तर विका, नाहीं तर पाण्यांत घाला. दारांत कुजत ठेवूं नका." आम्ही व आमचे धाकटे बंधु कामास लागलों.

फायबर कुजत नाहीं, असें आम्ही समजत होतों. तें निम्में खरें आहे. काचेच्या तंतूंची चटई पॉलिएस्टरच्या राळेंत भिजवून सांच्यांत थरांवर थर बसविले कीं होडीचें कवच तयार होतें. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत अशा होड्या होऊं लागल्या व तेथून ती कला सर्वत्र पसरली. हें कवच पाण्यानें कुजत नाहीं. पण ज्या मागल्या भिंतीवर यंत्र टांगावयाचें, तिच्या पोटांत बळकटीसाठीं प्लायवुड घातलेलें असतें. एकाद्या बोल्टाच्या भोंकांतून पाणी आंत झिरपलें कीं तें बाहेर पडत नाहीं. वाळवी लागलेला वासा वरून जसा धडधाकट दिसतो, तशीच ही भिंत.

परीक्षा सोपी आहे. हातोडीच्या दांड्यानें ठोकत जावें. लांकूड चांगलें असेल तेथें खणखणीत आवाज येतो, कुजलें असेल तेथें बद्द. आमच्या होडीचा आवाज उजव्या बोल्टाभोंवतीं बद्द झाला, आणि नेमकें तेथेंच एक हिरवट ठिगळ होतें. तें आम्हीं ओळखलें.

२००६ सालच्या आषाढांतली ती संध्याकाळ. बोल्टाजवळ चीर पडली होती. तीर्थरूप म्हणत होते, लांकूड ओलें आहे, आठ दिवस वाळूं द्यावें. दुसऱ्या दिवशीं राक्षसभुवनास नेण्याचें वचन त्यांनीं आम्हांस दिलें होतें. आम्ही तेरा वर्षांचे. रडून घर डोक्यावर घेतलें. अखेर त्यांनीं ओल्यावरच ठिगळ मारलें. राळेचा डबा व बत्ती आम्हींच धरली होती.

बंधु म्हणाले, "दादा, वरून रंग दिला कीं झालें. गिऱ्हाइकास काय कळणार?" त्यांस ती संध्याकाळ ठाऊक नव्हती. आम्हीं कांहीं न बोलतां करवत लावली. ठिगळ सहजासहजीं निघेना. तीर्थरूपांचा हात मोठा सफाईदार होता. आंतलें लांकूड मात्र चमच्यानें उकरावें असें काळें पडलें होतें.

आंतला पापुद्रा कापून सारें कुजकें काढलें आणि बाहेरचें कवच तसेंच राखलें. मग वाळवण. रात्रीं प्लास्टिकचा कागद चहूंकडून चिकटवून ठेवावा. सकाळीं उन्हें वर आल्यावर त्याच्या आंतल्या अंगास थेंब दिसले तर ओल बाकी आहे असें समजावें. आमचे थेंब तीन आठवडे गेले नाहींत. बंधु कंटाळले, आम्ही कंटाळण्याचा अधिकार २००६ सालींच वापरून बसलों होतों.

राळेचें काम आमच्या उन्हाळ्यांत अवघड. तींत आधीं कोबाल्टचें द्रावण ढवळावें, मग शेंकडा एक-दोन या मापानें हार्डनर घालावा. हीं दोन द्रव्यें एकमेकांत थेट कधींही मिसळूं नयेत, भडका उडतो. पहिल्या दिवशीं आम्हीं भर दुपारीं हार्डनर सढळ हातानें ओतला. डबा तापून धुरूं लागला व राळ दगड झाली. त्यानंतर पहांटेंच काम करूं लागलों. प्लायवुडच्या दोन फळ्या एकमेकींस डसवून बसविल्या, कडा लांब उतरत्या घांसल्या, वर चटईचे थर चढवून रुळानें बुडबुडे काढले. तोंडास फडकें होतें, तरी काचेच्या कुसळांनीं हात आठ दिवस खाजत होते. बोल्टाचीं भोंकें पाडल्यावर त्यांच्या आंतूनही राळ फिरविली. खरें पाहतां सारें मर्म तेथेंच होतें.

यंत्र चढविण्याच्या दिवशीं आम्हीं मातोश्रींस ती जुनी गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "ह्यांना ठाऊक होतं. म्हणून तर त्या दिवसापासून तुम्हांला घेऊन जातांना यंत्र लावीत नसत. वल्हवीत न्यायचे, तेंही कांठाकांठानें." आम्ही इतकीं वर्षें समजत होतों कीं ती पेट्रोलाची काटकसर होती.

राक्षसभुवनास, जेथें १७६३ सालीं चढलेल्या गोदावरीनें निजामाची फौज दुभंगून अलीकडची मराठ्यांच्या हातीं सांपडली, तेथें आम्हीं दिवाळीनंतर होडी पाण्यांत लोटली. बंधु पुढें गळ टाकून बसले होते. आम्ही मात्र मागें तोंड करून, कोरडें फडकें हातांत घेऊन, त्या भिंतीकडेच पाहत होतों. पलीकडच्या कांठास लागेपर्यंत फडकें कोरडेंच राहिलें.