चौकटीवाला मुलगा

काल पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाची अंतिम फेरी पाहिली, सकाळचं आणि संध्याकाळचं, दोन्ही सत्रं. १९६३पासूनची ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा. पोरांच्या आरोळ्यांनीच अर्धं नाट्यगृह हलतं. कथानकं मात्र आत्ताच एकमेकांत मिसळू लागलीत. लख्ख आठवतो तो एक ब्लॅकआउट. एक मुलगा रिकामी चौकट छातीशी धरून, जमिनीवरची चिकटपट्टी पायानं चाचपत आला, चौकट उभी केली आणि विंगेत गेला. उजेड आला तेव्हा तिथे घर होतं. त्याला टाळी नाही. अभिनयापेक्षा हेच का रुतून बसलं, कळत नाही. परीक्षकांना तो दिसला असेल? निकालाआधीच निघालो, गिरीजला घरी यायचं तर गाड्यांचा हिशेब सुटत नाही. करंडक कुणी नेला, ते पेपरात बघेन.