फिरत्या घराचे पाणी

अमेरिकेतले फिरते घर ही मोठी मौजेची चीज आहे. बसएवढ्या गाडीत पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, सारे जागच्या जागी! तिकडे त्याला ‘आर. व्ही.’ म्हणतात. मात्र या घराला नगरपालिका नसते. पाणी साठवायचे, ते शुद्ध राखायचे आणि सांडपाण्याची सोय लावायची, हे सारे घरधन्यानेच.

मला हे कळले सॉल्ट लेक सिटीत, भाच्याकडे. एप्रिल महिना होता. आर्चेस नॅशनल पार्क तिथून मोटारीने चारेक तासांवर. तांबड्या खडकाच्या दोन हजारांवर नैसर्गिक कमानी तिथे आहेत! मी तर केव्हाचा तयार होतो, पण भाचा म्हणाला, “मामा, आज निघायचे नाही. आधी पाणी.”

गाडी हिवाळाभर बर्फात उभी होती. नळ्या गोठून फुटू नयेत म्हणून त्यांत गुलाबी द्रव भरून ठेवलेला. तो काढून ताजे पाणी भरले की झाले, असे मात्र नाही. साठवणीच्या टाकीत आणि नळ्यांत आतून बुळबुळीत थर धरतो नि त्यात जंतू सुखाने नांदतात. बरोबर आठ महिन्यांचे बाळ. त्याची दुधाची पूड याच पाण्यात कालवायची. भाचेसून म्हणाली, “मामा, कमानी कुठे पळून जात नाहीत.” यावर काय बोलणार?

मग भाच्याने टाकी व नळ्या रिकाम्या करून धुऊन काढल्या आणि पाण्याच्या गाळणीची नळकांडी उतरवली. कपड्यांसाठी मिळते तेच साधे, बिनवासाचे ब्लीच घेतले. प्रमाण ठरलेले: १५ गॅलनला, म्हणजे सुमारे ५७ लिटरला, पाव कप. आमची टाकी ४५ गॅलनांची, म्हणून पाऊण कप. ते आधी बादलीभर पाण्यात मिसळून मग टाकीत ओतले, टाकी काठोकाठ भरली आणि पंप सुरू केला. स्वयंपाकाचा, न्हाणीचा, गरम, थंड, एकेक नळ क्लोरिनचा वास येईपर्यंत सोडायचा नि बंद करायचा. वास हुंगण्याचे काम माझ्याकडे होते! रात्रभर पाणी तसेच ठेवून सकाळी सोडून दिले आणि वास जाईपर्यंत ताज्या पाण्याने टाकी-नळ्या धुतल्या. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया कधी मिसळू नये, विषारी वायू होतो, हेही भाच्याने बजावले.

पिण्याच्या पाण्याची रबरी नळी निराळी, सांडपाण्याची निराळी. दोन्ही एका कप्प्यातसुद्धा ठेवायच्या नाहीत. आमच्या आजीच्या सोवळ्याचीच आठवण झाली!

दुसऱ्या दिवशी आम्ही आर्चेसला पोचलो. तिथल्या ‘डेव्हिल्स गार्डन’ या तळावर गाडीला नळ जोडायची सोय नाही. भोवती कोरडे वाळवंट आणि आमची सारी भिस्त त्या एका टाकीवर. संध्याकाळी कमानी लालबुंद झाल्या. भाचेसुनेने निर्धास्तपणे नळाखाली भांडे धरले, पाणी उकळले आणि बाळाचे दूध केले.

अमेरिकेत १९०८ साली जर्सी सिटीने शहराच्या पाण्यात नियमित क्लोरिन घालायला सुरुवात केली. आपल्याकडेही विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात. हे काम कोणीतरी आपल्यासाठी मुकाट्याने करीत असते, म्हणून आपण नळाखाली तांब्या धरतो नि खुशाल तोंडाला लावतो. फिरत्या घरात तो ‘कोणीतरी’ आपणच असतो, इतकेच.