रिमोट कुणाच्या हातात?

मुलगा सहावीत गेला आणि जेवणाच्या ताटावर रोज युद्धपटांचाच विषय निघू लागला. वर्गातल्या बऱ्याच जणांनी ‘उरी’ पाहिलाय, मावसभावाने तर ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’सुद्धा, मग मीच काय बाळ आहे का?

२०२३च्या कायदादुरुस्तीनंतर सेन्सॉरच्या ‘यूए’ शिक्क्याचे ७, १३ आणि १६ असे वयोगट झाले. सोय चांगली आहे. पण आमचं पोर रस्त्यात कुत्रा चिरडलेला पाहून जेवत नाही आणि मित्रांसमोर मात्र पापणीही लवू देत नाही. मला काळजी वाटली ती या दुसऱ्या गोष्टीची. भीती वाटली तरी ‘बंद कर’ म्हणता येत नसेल, तर ते पोर काहीही शेवटपर्यंत बघत बसणार.

म्हणून ठरवलं: घरी, दिवसाउजेडी, रिमोट त्याच्याच हातात. सुरुवात लोंगेवालाच्या लढाईवरच्या ‘बॉर्डर’ने. सोबत अण्णा, म्हणजे माझे सासरे. डिसेंबर १९७१मध्ये ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनबरोबर, जंगी पलटणीत, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला होते. “कुणी ‘घाबरलास का?’ विचारायचं नाही,” एवढं मी त्यांना आधीच बजावलं होतं.

पिक्चर कमी आणि गप्पा जास्त झाल्या. “एवढं वरडायला दम कुठला रं? चालून चालून पाय सुजल्यालं असत्यात,” अण्णा म्हणाले. लोंगेवालाला प्रत्यक्षात आपले दोनच जवान गेले, पडद्यावर मात्र माणसं पटापट पडतात, हे ऐकून मुलगा चिडलाच. “मग खोटं दाखवलं?” “सकाळची हंटर विमानं खरी,” अण्णांनी तडजोड केली. मग जमालपूर निघालं. शरण या, अशी चिठ्ठी आपल्या ब्रिगेडिअरनी पाठवली, तर बलूच पलटणीच्या कर्नलने उत्तराच्या कागदाबरोबर बंदुकीची गोळी धाडली. ही गोष्ट ऐकून कुठलंही पोर टाळ्या पिटेल. याने विचारलं, “चिठ्ठी घेऊन गेलेल्या माणसाचं काय झालं?” मार खाल्ला, पण जिवंत परतला म्हणे.

पुढे एका जळत्या माणसाच्या दृश्याला त्याने पिक्चर थांबवला, पाणी पिऊन आला, थोडा वेळ अण्णांच्या काठीशी खेळला आणि आपणहून पुन्हा लावला. मला एवढंच बघायचं होतं.

‘रायन’ला अजून नकार आहे. ओमाहा किनाऱ्याचा तो वीसेक मिनिटांचा भाग मी आवाज बंद करून पाहिला, मग आवाजासकट. रक्तापेक्षा आवाजच अंगावर येतो. ‘डंकर्क’मध्ये रक्त जवळपास नाही, पण बुडत्या जहाजात कोंडलेली माणसं आहेत, तो उन्हाळ्यात बघू. एका मैत्रिणीने ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ सुचवला, कार्टूनच आहे म्हणून. इसाओ ताकाहाताचा हा १९८८चा चित्रपट कोबेवरच्या बाँबहल्ल्यानंतर उपासमारीने संपत जाणाऱ्या भावाबहिणीचा आहे. मी तो ‘रायन’च्याही नंतर ठेवलाय. मैत्रिणीला हे अतीच वाटतं.

सध्याचा वाद वेगळाच आहे. एका मित्राच्या वाढदिवसाला सगळे मिळून ‘उरी’ बघणार आहेत. मी नाही म्हटलंय. दहा पोरांच्या घोळक्यात पिक्चर थांबवायची हिंमत कोण करणार? मुलगा रुसून बसलाय आणि अण्णा त्याच्या बाजूने आहेत.