दोन ‘बरोबर’ कमी

आई तांदूळ निवडायला बसली की आधी चष्मा पुसून घ्यायची, ताट उजेडात ओढायची आणि मग तिच्या लेखी बाकीचं जग नाहीसं व्हायचं. “अगं, वाणी म्हणतो निवडलेले आहेत,” असं मी म्हटलं, तर वर न बघता म्हणायची, “म्हणू दे. दात आपले आहेत.”

तिची आठवण मला यंदाच्या श्रावणात, कचेरीत बसल्या बसल्या व्हावी याचं तुम्हांला हसू येईल. मी प्रोग्रॅम लिहून पोट भरतो. पुण्यातल्या आमच्या लहानशा कचेरीत आम्ही पाचजण आहोत, आणि आमच्या हातचं सर्वांत जुनं काम म्हणजे घरगुती फराळ करणाऱ्या काही बायकांची वेबसाइट. परदेशातल्या मुलानं घरबसल्या चकल्या-अनारसे मागवावेत, पैसे तिथंच भरावेत, एवढाच तिचा उद्योग. अनेक हातांनी, अनेक घाईत लिहिलेली. नव्यानं आलेल्या मुलीनं ती चाळली आणि फार अदबीनं विचारलं, “सर, आपण हिला लिंटर का नाही लावला?”

कपड्यावर कापसाची लव बसते, धाग्यांचे बारीक तुकडे चिकटतात, त्याला इंग्रजीत लिंट म्हणतात. 1978 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेतल्या प्रोग्रॅममधली अशी लव टिपणारा एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला तेच नाव दिलं. दुसऱ्याचा प्रोग्रॅम न चालवता तो नुसता वाचायचा आणि संशयाच्या जागी बोट ठेवायचं, एवढंच त्याचं काम. आम्ही वापरतो त्या जावास्क्रिप्ट भाषेसाठी निकोलस झाकस यांनी 2013 मध्ये ईएसलिंट काढला. तो बसवायला अर्धा तास पुरला. नियम ठरवायला मात्र तीन दिवस लागले! प्रत्येक नियम बंद ठेवता येतो, नुसती सूचना म्हणून ठेवता येतो, किंवा सरळ चूक म्हणून. ओळीच्या शेवटी अर्धविराम हवा की नको, यावर आमच्यात जो वाद झाला तो उकडीच्या आणि तळणीच्या मोदकांवरही कधी झाला नसेल.

अखेर तो चालवला, तर दोन हजारांवर तक्रारी. पुष्कळशा किरकोळ होत्या. काही त्यानं आपण होऊनच दुरुस्त केल्या. उरलेल्या मी एकेक बघत होतो आणि एका ओळीशी थबकलो.

या भाषेत बरोबरचं चिन्ह एकदा लिहिलं तर त्याचा अर्थ होतो ‘असं समज’. तीनदा लिहिलं तर ‘असं आहे का, ते बघ’. परदेशी कार्डानं पैसे भरताना मध्येच अडलं, तर पुन्हा तपासण्यासाठी ती ओळ होती. तिथं चिन्ह एकच होतं. ‘पैसे आले का?’ असं विचारायच्या जागी आम्ही ‘पैसे आले असं समज’ म्हणून मोकळे झालो होतो.

2022 च्या दिवाळीत सतरा डबे पैसे न येताच परदेशी गेले होते. बायकांचं नुकसान आम्ही भरून दिलं. घाईत मूळ कुणी शोधलं नाही. रोज संध्याकाळी बँकेचा हिशेब हातानं ताडायची पद्धत पाडली आणि ती अजून चालू आहे. दोष मात्र मी तेव्हाच वाटून टाकला होता. सहा महिन्यांपूर्वी लागलेला एक मुलगा ते पान हाताळत होता. “सर, ती ओळ माझी नाही,” असं तो म्हणाला. सगळ्यांच्या देखत मी ओरडलो, “मग काय मी लिहिली?” नवं वर्ष लागताच त्यानं नोकरी सोडली.

कोणती ओळ कुणी, केव्हा लिहिली याची नोंद राहते. मी ती उघडली. साल 2020, रात्रीचे पावणेदोन, आणि नाव माझं.

दोन चिन्हं वाढवली की काम भागत होतं. त्या ओळीच्या डोक्यावर एक टीप लिहून लिंटरचं तोंड बंद करायचीही सोय आहे. खरं सांगतो, दोन्ही विचार मनात येऊन गेले.

संध्याकाळी त्याला फोन केला. तो आता बंगळूरला असतो. मी अडखळत सगळं सांगितलं. क्षणभर तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “सर, मला माहीत होतं. मी त्याच रात्री नोंद पाहिली होती.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही ज्या आवाजात विचारलंत, त्याला ‘हो’ कसं म्हणणार, सर?”

काय बोलावं मला सुचेना. त्यानंच आईची प्रकृती विचारली. ती गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत, सगळ्यांना बोलावून, मी ती ओळ पडद्यावर दाखवली आणि नावही. नवी मुलगी खाली बघत राहिली. आता तो नियम ‘चूक’ या वर्गात आहे, आणि कुणाचंही लिखाण, माझंसुद्धा, तपासल्यावाचून आत जात नाही. उरलेल्या तक्रारी तीनशेच्या घरात आहेत. दुपारी जेवण झालं की मी त्या घेऊन बसतो. दिवाळीच्या आत संपतील असं वाटत नाही.