आठ नंबरचा चाकू

ओपिनेलचा आठ नंबरचा चाकू स्वस्त आहे, हा त्याचा मोठा गुण. महागड्या पात्याला दगड लावायला हात धजावत नाही. याच्यावर मनसोक्त हात बसवावा. फ्रान्समधल्या सावोआच्या डोंगराळ मुलखात जोसेफ ओपिनेलनं १८९० मध्ये हा घडीचा चाकू घडवला. १८९७ पासून १ ते १२ असे नंबर आले. बीचच्या लाकडाची मूठ, साडेआठ सेंटिमीटरचं पातं, आणि ते मिटू नये म्हणून गळ्याशी फिरती कडी. ही कडी मात्र १९५५ ची. एवढाच सगळा कारभार.

स्टेनलेसमध्ये भरपूर क्रोमियम असतं, म्हणून ते कशाला दाद देत नाही. माझ्या चाकूचं साधं कार्बनचं पोलाद मात्र भलतंच हळवं. पहिली कैरी चिरली आणि पात्यावर निळ्या-करड्या छटा उमटल्या. घरच्या विळीचा काळेपणा असाच साठत आलेला. तो घासून घालवायचा नसतो. तांबड्या गंजाला तोच थोडाफार अडवतो. फक्त चिरून झालं की पातं लगेच पुसायचं, आणि वर तेलाचं बोट.

खरी गंमत दगडावर. धारेच्या कडेला काळ्या मार्करनं रेघ ओढायची, भिजवलेल्या दगडावर पातं जरासं तिरपं धरून हलकेच फिरवायचं आणि शाई कुठली गेली ते बघायचं. नुसती वरची गेली तर पातं फार निजलंय, अगदी धारेलगतची गेली तर फार उभं. मग डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त: सूर एकसारखा, तर कोन टिकला. घासता घासता पलीकडच्या अंगाला पोलादाची खरखरीत किनार वळते. दिसत नाही, अंगठा पात्यावरून धारेबाहेर आडवा सरकवला की लागते. (धारेच्या रेषेत सरकवायचा नाही, हे सांगायला नकोच.) मुळापासून टोकापर्यंत ती लागेतो बाजू बदलू नये. बदलली की ती इकडे पलटते. मग दाब कमी कमी करत न्यायचा आणि जुन्या कातडी पट्ट्यावर पातं उलटं ओढून ती झाडून टाकायची. पिकला टोमॅटो न दबता साल सोडतो, तेव्हा थांबावं.

आमच्या कोकणातल्या पावसात मूठ फुगते आणि पातं आत रुतून बसतं. सावोआच्या लोकांची यावर युक्ती आहे: मुठीचं बूड टेबलावर ठोकायचं, पातं नखात येईल इतकं वर उठतं. आषाढात आमच्या ओट्यावर हे ठोके सुरू झाले की विळीवर बसलेली आई मान वर न करता विचारते, “उठला का रे तुझा फ्रेंच पाहुणा?”