वर्षाचं तिखट

मार्च लागला की नंदुरबारात घराघरात दोनच विषय निघतात: ऊन कसं पडतंय आणि मिरची कधी घ्यायची. दसऱ्यापासून बाजार समितीत ओल्या लाल मिरचीचे लिलाव चालू असतात. व्यापारी ती शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर पसरतात आणि अख्खा माळ लाल दिसतो. आसपासच्या गावांतल्या बाया तिथे दिवसभर बसून देठ खुडतात. बोटांची आग रात्री झोपू देत नाही, असं त्याच सांगतात; भावावर घासाघीस करताना हे आठवलं की माझा आवाज आपसूक खाली येतो.

आमच्या गल्लीतली पाच-सहा घरं मिळून पोती घेतात. किरकोळीपेक्षा स्वस्त पडतं आणि माल एकसारखा मिळतो. आपली मिरची झणका देते, रंगासाठी मात्र थोडी ब्याडगी घालावीच लागते. मग सुरू होतं गच्चीवरचं वाळवण. व्यापाऱ्याकडची मिरची वाळलेली असली तरी साठवणीला ती पुरेशी नसते, आणि जास्त वाळवली तर रंग उडतो. हा काटा कुठे थांबवायचा, हे शेजारच्या मावशींच्या कानाला कळतं. त्या एक मिरची कानाशी नेऊन हलवतात, बी खुळखुळलं नाही तर म्हणतात, “आजून नरम से वं माय, एक ऊन दे.” दुसऱ्या दिवशी तीच मिरची मोडून बघतात, कट्‌ आवाज आला की पोतं खाली उतरतं. कितीही यंत्रं आली तरी ही पारख विकत मिळत नाही, असं माझं मत आहे.

कांडप बचत गटाचं आहे. तिथे सगळ्या गल्ल्यांची पोती रांगेत, सगळ्यांच्या नाकातोंडाला पदर. लोखंडी मुसळी धाडधाड पडतात आणि शिंका सुरू होतात. घाई केली तर यंत्र तापतं, तिखटाचा रंग काळपट होतो. म्हणून चालवणारी ताई मधेमधे थांबते. मागच्या रांगेतून कुरकुर आली तरी ती ऐकत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

साठवणीची बाकी कामंही याच दिवसांत उरकतात. बिबड्या, कुरडया गल्लीत चारजणींच्या हातांनी होतात. नवापूरच्या तुरीची डाळ एरंडेल तेल चोळून कोठीत जाते. धडगावकडे बाया कैऱ्यांच्या फोडी उन्हात वाळवून आमचूर करतात. तिथे मे महिन्यातला एक अवकाळी पाऊसही माल काळा पाडून भाव घालवतो.

तिखटात मीठ आणि हिंगाचे खडे घालायचे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कांडपाहून आल्या आल्या गरम तिखट बरणीत भरू नका. परातीत पसरून पार गार होऊ द्या, हात कोरडा ठेवा, दाबून भरा आणि वरून घट्ट फडकं बांधा. झाकणाच्या आत एकदा ओल धरली की बुरशी लागते, आणि बुरशी लागलेलं तिखट चाळून वापरू नका, सरळ फेकून द्या.