माळवदावरचे चांदणे

शरद ऋतूची सारी कीर्ती चांदण्याची. ती ज्यांनी गायिली त्यांनी आश्विनातल्या भर दुपारी नांदेडच्या वजिराबादेतून पायी चालून पाहिले नसावे! पाऊस परतला की आमच्याकडचे ऊन असे काही तापते की वैशाख बरा वाटावा. पण संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर जाऊन बसा. गढूळ पाणी निवळलेले असते, काठच्या गवताला पांढरे तुरे आलेले असतात आणि पाण्यावरून येणाऱ्या झुळुकीपुढे दुपारचा राग काही टिकत नाही.

कोजागरी जवळ आली की मी लातूरची एस. टी. धरतो. लोहा, अहमदपूर मागे पडते. सोयाबीन निघालेली शिवारे मोकळी झालेली असतात. मधूनच तुरीच्या ओळी उभ्या. मांडीवर सीताफळांची पिशवी असते. सीताफळ हे मोठे लहरी फळ! त्याने डोळे उघडेपर्यंत थांबावे लागते, आणि एकदा उघडले की ते कुणासाठी थांबत नाही. अक्काच्या दारात पोचेतो निम्मी फळे फुटलेली असतात. दाजी दरसाल विचारतात, "आणलं का सीताफळाचं श्रीखंड?"

अक्काचे सासर औसा तालुक्यातले. पूर्वी कोजागरीला आम्ही माळवदावर बसत असू. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार राही आणि शरदात वर बैठक होई. घरे एकमेकांना लागून, त्यामुळे दुधाचे भगोणे एका माळवदावरून दुसऱ्यावर फिरे आणि गप्पाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक निजले होते. त्याच भिंती, तीच माती अंगावर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत १०,००० च्या आसपास माणसे गेली. अक्काचे घर पडले. घरची माणसे कशी वाचली, कोण जाणे.

महिन्याने कोजागरी आली. मी गेलो होतो. चांदणे नेहमीसारखेच पडले होते, पण चांदण्यात बसायचे अप्रूप कुणाला! सारा गाव महिनाभर उघड्यावरच होता. अक्काने चूलसुद्धा पेटवली नव्हती. तेवढ्यात गल्लीतली एक म्हातारी चरवी घेऊन आली. तिची म्हैस वाचली होती, दूध पिणारी नातवंडे वाचली नव्हती. "नासून जाईल, घ्या," एवढेच ती म्हणाली. ते दूध आम्ही सर्वांनी घोटघोट घेतले. साखर नव्हती.

आता अक्काच्या घरावर स्लॅब आहे. दूध आटते, केशरही पडते. तरी त्यातली एक वाटी अक्का साखर घालण्याआधी बाजूला काढते. म्हातारीला जाऊन बरीच वर्षे झाली. दाजी जिना चढताना धापा टाकतात, वर आल्यावर सीताफळाच्या बिया खाली गल्लीत उडवतात आणि अक्काची बोलणी खातात.